ॲमॉस अलॉन्झो स्टॅग: चार खेळांचा एकच कोच

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांमध्ये सरकारी नोकरांत सर्वांत जास्त पगार कोणाला मिळतो? गव्हर्नरला नाही, न्यायाधीशांनाही नाही. तो मिळतो सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल (म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन फुटबॉल) किंवा बास्केटबॉल कोचला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. विद्यापीठाचं काम शिकवणं. तिथे खेळाच्या प्रशिक्षकाला एवढं डोक्यावर का घेतलं असेल? निव्वळ पैशाच्या अंगाने शोधायला गेलं तर उत्तर अर्धंच सापडतं, कारण ही पद्धत सुरू झाली तेव्हा तिच्यात फारसा पैसा नव्हता. तिची मुळं शोधताना पुन्हा पुन्हा एकाच नेमणुकीपाशी यावं लागतं. १८९२ मध्ये नव्याने उघडलेल्या शिकागो विद्यापीठाने ॲमॉस अलॉन्झो स्टॅग नावाच्या तिशीच्या माणसाला कामावर ठेवलं आणि त्या माणसाने पुढची चार दशकं ती जागा सोडली नाही.

त्या काळात स्टॅगनी फुटबॉल शिकवला, बेसबॉल शिकवला, धावपटू घडवले, आणि एक मोसम बास्केटबॉलचा संघही सांभाळला. फुटबॉलमधल्या त्यांच्या युक्त्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्या युक्त्यांपेक्षा त्यांची नोकरी जास्त महत्त्वाची वाटते. कोच हा विद्यापीठाचा कायमस्वरूपी, प्राध्यापकाच्या बरोबरीचा माणूस असू शकतो, ही कल्पना त्यांच्यामुळे रुजली. त्या कल्पनेच्या पोटातली भानगडही पहिल्यांदा त्यांच्याच कारकिर्दीत उघड झाली.

धर्मोपदेशक व्हायला निघालेला पिचर

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. वडील चांभारकाम करायचे. घरात पैसा नव्हता, पण पोरगा शिकायचं मनावर घेऊन बसला होता. १८८४ मध्ये तो येल विद्यापीठात दाखल झाला, तोही धर्मोपदेशक व्हायचं म्हणून. येलच्या गावातले, न्यू हेवनमधले, सुरुवातीचे दिवस हलाखीचे होते. माळ्यावरची खोली, थंडीत शेगडी नाही, आणि खाण्यावर इतकी काटकसर की शेवटी तब्येतीने दगा दिला.

त्याला सावरलं बेसबॉलने. स्टॅग येलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला आणि असा झाला की व्यावसायिक संघ त्याच्या मागे लागले. न्यूयॉर्कच्या संघाने देऊ केलेली रक्कम ४,२०० डॉलर होती, असं सांगतात. शेगडी नसलेल्या खोलीत राहिलेल्या मुलाने ती नाकारली. व्यावसायिक बेसबॉलच्या मैदानांवर दारू चालते, आणि पैशासाठी खेळणं हे मुळातच हलकं, हे त्याचं मत होतं. ते आयुष्यभर बदललं नाही, आणि पुढे त्याच मताने त्यांना अडचणीतही आणलं.

फुटबॉल त्यांनी तुलनेने उशिरा गंभीरपणे घेतला. १८८८ च्या येल संघात ते होते. त्या वर्षी येलने १३ सामने खेळले, १३ जिंकले. स्वतः ६९८ गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. १८८९ मध्ये देशातल्या उत्तम खेळाडूंचा पहिला 'ऑल-अमेरिका' संघ निवडला गेला, त्यातही स्टॅग होते. खेळाडूला पाडण्याचा सराव खेळाडूवरच केला तर माणसं जायबंदी होतात, म्हणून त्यांनी येलच्या व्यायामशाळेत एक गादी गुंडाळून टांगली आणि मुलांना तिच्यावर झेप घ्यायला लावलं. आज जगभर फुटबॉल आणि रग्बीच्या सरावात दिसणाऱ्या त्या टांगत्या पुतळ्याचा उगम साधारणपणे या गादीत मानला जातो.

धर्मोपदेशकाचा बेत मात्र बारगळला. मैदानावर न डगमगणारा हा माणूस व्यासपीठावर चढला की अडखळायचा. आपल्याला बोलता येत नाही हे त्यांनी ओळखलं आणि १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या (तरुणांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संघटनेच्या) प्रशिक्षण शाळेत ते गेले. तरुणांपर्यंत धर्म पोहोचवायचा तर व्यायामशाळेतूनही पोहोचवता येईल, ही त्या शाळेची धारणा होती. पुढे स्टॅग ज्या प्रकारचे कोच झाले त्याची किल्ली इथे आहे. सिगारेट नाही, दारू नाही, शिवी नाही. खेळाडूवर फारच संतापले तर ते त्याला गाढव म्हणत. त्याहून जास्त संतापले तर दुप्पट गाढव.

स्प्रिंगफील्डच्या त्यांच्या फुटबॉल संघात कॅनडातून आलेला एक खेळाडू होता, जेम्स नेस्मिथ. हिवाळ्यात बंद दाराआड खेळता येईल असा काहीतरी खेळ काढ, असं शाळेने त्याला सांगितलं, आणि डिसेंबर १८९१ मध्ये त्याने पीचच्या टोपल्या भिंतीला ठोकून बास्केटबॉल काढला. ११ मार्च १८९२ रोजी लोकांसमोर पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असं हरवलं. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांचा.

कोचची गरज का पडली

इथे थोडं थांबून अमेरिकन फुटबॉल समजून घ्यायला हवा, कारण त्याशिवाय कोच एवढा मोठा का झाला हे कळत नाही.

सुरुवातीला अमेरिकन कॉलेजांतली मुलं जवळपास रग्बीच खेळत. चेंडूभोवती घोळका, ढकलाढकली, आणि चेंडू कोणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० च्या सुमाराला दोन नियम आणले आणि खेळाचा पाया बदलला. पहिला असा की चेंडू एका संघाच्या ताब्यात निर्विवादपणे द्यायचा आणि त्या संघाने ठरवून चाल सुरू करायची. दुसरा १८८२ चा: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राहील, नाहीतर समोरच्याला. (आज चार प्रयत्न आणि दहा यार्ड असं गणित आहे.)

याचा परिणाम असा की खेळ क्रिकेटसारखा तुकड्या-तुकड्यांत चालायला लागला. एक चाल झाली की सगळं थांबतं, माणसं पुन्हा जागेवर येतात, मग पुढची चाल. आणि जिथे दर अर्ध्या मिनिटाला खेळ थांबतो तिथे आधीपासून आखणी करता येते. कोणी कोणाला अडवायचं, चेंडू कोणाकडे द्यायचा, देण्याचं नाटक कोणाकडे करायचं, हे सगळं कागदावर काढून ठेवता येतं. अकरा जणांच्या हालचाली पाठ करून घ्यायला कोणीतरी बाहेरचा माणूस लागतो. हौशी मुलांच्या खेळात कोचची जागा निर्माण केली ती या नियमांनी.

सुरुवातीच्या काळात पूर्वेकडच्या मोठ्या कॉलेजांत ही जागा बहुतेक वेळा कप्तान आणि माजी खेळाडू मिळून चालवायचे. कॅम्प स्वतः घड्याळांच्या कंपनीत नोकरीला होते आणि येलचा फुटबॉल नोकरी सांभाळून बघत. इतर कॉलेजं मोसमापुरता एखादा माणूस भाड्याने आणायची: सप्टेंबरात आला, नोव्हेंबरअखेर पैसे घेऊन गेला. असा माणूस फक्त जिंकायला आलेला असतो, विद्यापीठाशी त्याला देणंघेणं नसतं. बाहेरचे गडी विद्यार्थी म्हणून खेळवणं, एकाच माणसाने दोन वर्षांत दोन कॉलेजांकडून खेळणं, असे प्रकार त्यातून सर्रास चालत.

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना हे नको होतं. हार्पर हिब्रू भाषेचे पंडित. ते येलमध्ये शिकवत असताना स्टॅग त्यांच्या वर्गात बसलेले. जॉन डी. रॉकफेलर यांच्या पैशावर हार्पर शिकागोत एक नवंकोरं विद्यापीठ उभारत होते. ते अजून कागदावरच होतं तेव्हा, १८९० मध्ये, त्यांनी स्टॅगना भेटीला बोलावलं. पुढे स्टॅगनी स्वतः सांगितलेली हकीकत मजेशीर आहे. हार्परनी खेळ आणि शारीरिक शिक्षणाचा सगळा विभाग बघायला ये म्हणून सांगितलं आणि पगार १,५०० डॉलर म्हणाले. स्टॅग काही बोलले नाहीत. बोलण्यात कच्चे होतेच, शिवाय कल्पनाच इतकी नवी होती की ते विचारात पडले होते. हार्परना वाटलं गडी घासाघीस करतोय. ते २,००० वर आले. स्टॅग गप्पच. मग हार्पर म्हणाले, २,५०० आणि सहयोगी प्राध्यापकपद, तेही आयुष्यभरासाठी.

हार्परचा हिशोब साधा होता. नव्या विद्यापीठाला नाव हवं होतं. ग्रंथालय आणि संशोधन यांनी नाव व्हायला पन्नास वर्षं लागतात, फुटबॉलचा संघ ते एका शरद ऋतूत करून देतो. देशभर फिरून सगळ्या कॉलेजांना धूळ चारतील असे संघ मला हवेत, या अर्थाचं ते स्टॅगना बोलले होते. हिब्रूचा प्राध्यापक हे बोलतोय, हे लक्षात घ्यावं. हार्परना लबाडी नको होती, पण विजय हवाच होता, आणि कायमची नोकरी दिली की विजय मिळूनही माणूस भ्रष्ट होणार नाही असा त्यांचा विश्वास होता.

शरद, हिवाळा, वसंत

१८९२ च्या शरद ऋतूत विद्यापीठ उघडलं. फुटबॉलचा संघ जमवायला गेले तर पुरेशी माणसंच नव्हती, म्हणून पहिल्या मोसमात कोच स्टॅग स्वतःही मैदानात उतरले. तेव्हाच्या रिवाजात याला कोणी फारशी हरकत घेतली नाही. मैदानासाठी जमीन दिली ती शिकागोचे बडे व्यापारी मार्शल फील्ड यांनी.

एका माणसाला इतके खेळ कसे झेपले, याचं उत्तर हवामानात आहे. शिकागोत सप्टेंबर ते नोव्हेंबरअखेर फुटबॉल चालतो. मग मिशिगन सरोवरावरून असा वारा सुटतो की सगळं व्यायामशाळेच्या आत जातं, तिथे कसरत, बास्केटबॉल आणि आतल्या आत धावणं. एप्रिल उजाडला की बेसबॉल आणि मोकळ्या मैदानावरच्या शर्यती. एकाच खेळाडूने शरदात फुटबॉल खेळायचा आणि वसंतात धावायचं हेही नेहमीचं होतं. स्टॅगनी बेसबॉलचा संघ १८९३ पासून, मधलं एक वर्ष वगळता, १९१३ पर्यंत सांभाळला. धावपटूंचं काम १९२८ पर्यंत. बास्केटबॉलचा संघ त्यांच्या हाताखाली फक्त १९२०-२१ च्या मोसमात होता, पण त्या खेळावरची त्यांची छाप याहून मोठी आहे.

नेस्मिथने खेळ काढला तेव्हा एका बाजूला किती माणसं असावीत हे पक्कं नव्हतं. नऊ-नऊ जण खेळायचे. १८ जानेवारी १८९६ रोजी आयोवा सिटीत शिकागो आणि आयोवाचे विद्यार्थी समोरासमोर आले. दोन्हीकडे पाच-पाच माणसं. शिकागो १५-१२ ने जिंकलं. दोन्ही संघांनी एकही बदली खेळाडू आणला नाही. आयोवाकडून हा सामना जुळवून आणणारे हेन्री कॅलेनबर्ग हे स्प्रिंगफील्डचेच. कॉलेजांमधला पाच विरुद्ध पाच असा पहिला सामना म्हणून तो ओळखला जातो, आणि आज शाळेच्या अंगणातही बास्केटबॉल पाच जणांचाच असतो. (जाता जाता: नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात कोच झाले. बलाढ्य कॅन्ससच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेला एकच कोच आहे, तो म्हणजे या खेळाचा जनक.)

१९०० मध्ये स्टॅग आपल्या काही धावपटूंना घेऊन पॅरिस ऑलिंपिकला गेले. तिथे ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत शिकागोचा फ्रेडरिक मोलोनी तिसरा आला. त्याच अंतिम शर्यतीत कलकत्त्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्डही होता. ही शर्यत तो पूर्ण करू शकला नाही, पण २०० मीटर आणि २०० मीटर अडथळे या दोन शर्यतींत त्याने रौप्यपदकं मिळवली आणि ती भारताच्या खात्यावर मांडली जातात. चोवीस वर्षांनी, १९२४ मध्ये, पॅरिसलाच अशी दुसरी गाठ पडली. स्टॅग अमेरिकेच्या पथकाबरोबर होते आणि भारतीय पथकाबरोबर होते हॅरी क्रो बक. बकही स्प्रिंगफील्डच्या त्याच वायएमसीए शाळेतून शिकलेले. १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज त्यांनी सुरू केलं, आणि तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. भारतात बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल पसरले ते मुख्यतः या वायएमसीएच्या वाटेने.

या सगळ्या धावपळीत स्टॅग यांचा एक साथीदार नेहमी नजरेआड राहतो. १८९४ मध्ये त्यांनी शिकागोचीच विद्यार्थिनी स्टेला रॉबर्टसन हिच्याशी लग्न केलं. स्टेला सामन्यांच्या वेळी बसून चालींच्या नोंदी करायची, आकडे काढायची, प्रतिस्पर्ध्यांचा खेळ बघून यायची. आज हे काम करायला संगणक आणि पगारी माणसं असतात. लग्नाच्या वर्षीच्या नाताळात शिकागोचा संघ रेल्वेने थेट कॅलिफोर्नियाला गेला, तेव्हा स्टेलाही बरोबर होती. तिथे स्टॅनफर्डशी सामना झाला. स्टॅनफर्डचे कोच कोण? वॉल्टर कॅम्प. पहिला सामना शिकागोने जिंकला, दुसरा हरला.

१९०५ चे दोन गुण

स्टॅग यांच्या कारकिर्दीतला एकच सामना समजून घ्यायचा असेल तर तो ३० नोव्हेंबर १९०५ चा. समोर मिशिगन. कोच फील्डिंग योस्ट यांचा हा संघ १९०१ पासून ५६ सामने हरला नव्हता. १९०१ मध्ये तर त्यांनी ५५० गुण केले आणि एकही दिला नाही. अशा संघाविरुद्ध शिकागोकडे होता वॉल्टर एकर्सॉल, शिकागोतच वाढलेला, अंगाने किरकोळ पण लाथ आणि डोकं दोन्ही विलक्षण असलेला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चाली चालवणारा खेळाडू. सामना अडून राहिला. उत्तरार्धात एकर्सॉलने मारलेला उंच चेंडू मिशिगनच्या खेळाडूने स्वतःच्याच गोलरेषेमागे झेलला, आणि खाली ठेवून देण्याऐवजी तो घेऊन धावायला निघाला. शिकागोच्या खेळाडूंनी त्याला धरून परत रेषेमागे लोटलं. आपल्याच गोलरेषेमागे पकडला गेलात की समोरच्याला दोन गुण मिळतात, त्याला 'सेफ्टी' म्हणतात. शिकागो २, मिशिगन ०. सामना त्याच गुणांवर संपला, मालिका तुटली, शिकागो देशात अव्वल ठरलं.

हार्पर तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले होते. दीड महिन्याने, १० जानेवारी १९०६ रोजी, ते गेले. देशभर नाव करणारा संघ त्यांना हवा होता, तो त्यांच्या हयातीत मिळाला.

पण सामना झाला त्याच नोव्हेंबरात 'कॉलियर्स' साप्ताहिकात एक लेखमाला सुरू होती, कॉलेजं फुटबॉलचे विजय कसे विकत घेतात यावर, आणि त्यात शिकागोचं नाव होतं. एकर्सॉल प्रवेशाच्या अटी पूर्ण न करताच विद्यापीठात आला होता. पुढे पदवी न घेताच तो बाहेर पडला. आता गंमत बघा. मोसमापुरता भाड्याने आणलेला कोच नको, लबाडी नको, म्हणून हार्परनी स्टॅगना प्राध्यापक केलं होतं. पण प्राध्यापकाला वर्गात नापास करणारा सहकारी असतो, विभागप्रमुख असतो. स्टॅगना तसं कोणी नव्हतं. त्यांचा विभाग थेट अध्यक्षांना बांधील, पैशाचे व्यवहारही बरेचसे त्यांच्याच हातात. १९०२ पासून ते शालेय मुलांच्या मोठ्या मैदानी स्पर्धा शिकागोत भरवायला लागले, १९१७ पासून शालेय बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धाही. हेतू चांगला होता, स्पर्धाही उत्तम व्हायच्या. पण देशभरचे तगडे पोरगे आयते तुमच्या अंगणात येऊन पळताहेत आणि तुम्ही त्यांच्याकडे बघतही नाही, असं कोण मानेल?

स्टॅग ढोंगी होते असं मला वाटत नाही. पैशासाठी खेळणं वाईट, हे ते मनापासून मानत. १९२३ मध्ये रविवारच्या व्यावसायिक फुटबॉलविरुद्ध त्यांनी जाहीर पत्रही काढलं. त्यांच्या मते ते कॉलेजच्या फुटबॉलवरचं संकट होतं. मात्र खेळाडूंनी फुकट खेळायचं, तिकिटं विद्यापीठाने विकायची, आणि कोचला आयुष्यभराचा पगार, या मांडणीत काही खटकण्यासारखं आहे हे त्यांना कधी दिसलं नाही. अमेरिकन कॉलेज-खेळ पुढचं जवळजवळ शतकभर याच मुद्द्यावर अडकून राहिले.

१९०५ साल आणखी एका कारणाने निर्णायक ठरलं. घोळक्याने तुटून पडण्याच्या त्या खेळात मुलं मरत होती. 'शिकागो ट्रिब्यून'ने त्या मोसमातले १८ मृत्यू मोजले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरातच हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून कानउघाडणी केली होती. अनेक कॉलेजं खेळ बंद करायच्या बेतात होती. मग १९०६ साठी नियम बदलले. चेंडू हवेतून पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्डांची अट आली. दोन्हींचा हेतू एकच, घोळका फोडून खेळ मैदानभर पसरवायचा. स्टॅग १९०४ पासून नियम समितीवर होते. ताकदीपेक्षा चपळाईवर भर देणारा त्यांचा खेळ या बदलाला सोयीचा होता. चाल सुरू व्हायच्या आधीच एका खेळाडूला आडवं पळवायचं, चेंडू एका दिशेने नेताना अचानक उलट दिशेच्या माणसाकडे सोपवायचा, असले डाव त्यांच्या नावावर सांगितले जातात. यातलं किती खरोखर त्यांनीच पहिल्यांदा केलं यावर वाद घालता येईल. त्या काळी चार ठिकाणी एकच कल्पना सुचायची आणि नोंद एकाचीच व्हायची.

सत्तरीनंतर

शिकागोने स्टॅग यांच्या हाताखाली सात वेळा आपल्या कॉन्फरन्सचं (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं), म्हणजे आजच्या 'बिग टेन'चं, विजेतेपद मिळवलं. शेवटचं १९२४ मध्ये. त्यानंतर संघ घसरत गेला. इलिनॉय, मिशिगन, ओहायो या सरकारी विद्यापीठांकडे हजारो विद्यार्थी आणि नवी प्रचंड स्टेडियमं होती. शिकागो लहान, अभ्यासाला कडक, आणि पदवीपूर्व विद्यार्थ्यांपेक्षा संशोधनाकडे वळलेलं. त्यात खेळ आता इतके गुंतागुंतीचे झाले होते की फुटबॉलचा कोच बारा महिने फुटबॉलचाच विचार करू लागला. चार खेळ बघणाऱ्या माणसाचा जमाना संपत आला होता. स्टॅग मात्र होते तसेच होते. सायटिकाने हैराण झाल्यावर ते विजेवर चालणारी छोटी मोटार घेऊन मैदानात फिरत आणि तिच्यात बसूनच सूचना देत.

१९३२ मध्ये सत्तरी गाठल्यावर विद्यापीठाने त्यांना निवृत्त केलं. आयुष्यभराचं प्राध्यापकपद निवृत्तीच्या वयापाशी येऊन थांबलं. मान राखून दुसरं एखादं पद देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. कोचिंग सोडायचं नाही म्हणून ते कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनला गेले, कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये.

१९३८ मध्ये पॅसिफिकचा संघ शिकागोला खेळायला आला. मैदानाचं नाव १९१३ पासून स्टॅग फील्ड. पाहुण्या संघाचे कोच ७६ वर्षांचे स्टॅग. पॅसिफिक जिंकलं, ३२-०. पुढच्या वर्षी शिकागो मिशिगनकडून ८५-० असं हरलं आणि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी तो मोसम संपताच फुटबॉल बंद करून टाकला. हचिन्स यांना तो विद्यापीठाच्या कामात अडसर वाटत होता. रिकाम्या पडलेल्या त्याच स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली, रॅकेट खेळायच्या एका कोर्टात, २ डिसेंबर १९४२ रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुविभाजनाची साखळी प्रक्रिया घडवून आणली. हचिन्सनी फुटबॉल बंद केला नसता तर ही जागा मोकळी मिळाली असती का, हा प्रश्न शिकागोत गमतीने विचारला जात असणार.

१९४३ मध्ये युद्धामुळे नौदलाच्या प्रशिक्षणासाठी आलेले तगडे तरुण पॅसिफिकच्या संघाला मिळाले आणि त्या मोसमात स्टॅग वर्षातले सर्वोत्तम कोच ठरले. वय ८१. १९४६ नंतर पॅसिफिकनेही निरोप दिला, तेव्हा ते पेनसिल्वेनियात सस्क्वेहाना विद्यापीठात मुलाबरोबर काम करू लागले. १९५१ मध्ये त्या संघाने एकही सामना गमावला नाही. मग स्टॉक्टनला परत येऊन तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात चेंडूला लाथ कशी मारायची ते शिकवत राहिले, १९६० मध्ये ९८ व्या वर्षी थांबेपर्यंत. १७ मार्च १९६५ रोजी, १०२ वर्षांचे असताना, ते गेले.

फुटबॉलच्या नोंदीत त्यांचे ३१४ विजय धरले जातात. हा विक्रम १९८१ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे कोच बेअर ब्रायंट यांनी मोडला, आणि सस्क्वेहानातले विजय बापाच्या नावावर मांडायचे की मुलाच्या, हा वाद तेव्हाही निघाला. १९५१ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमची, म्हणजे त्या खेळातल्या थोरांच्या सन्मानाची, पहिली यादी निघाली, तीत स्टॅग खेळाडू म्हणूनही होते आणि कोच म्हणूनही. १९५९ मध्ये बास्केटबॉलचा हॉल ऑफ फेम सुरू झाला, त्याच्याही पहिल्या यादीत नेस्मिथबरोबर त्यांचं नाव आलं. बेसबॉल, ज्याच्यासाठी त्यांना ४,२०० डॉलर मिळत होते, त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये ते नाहीत. व्यावसायिक सामना ते एकही खेळले नव्हते.